कारागिराची चित्रफीत : खर्च थोडा, खरेपण पुरेपूर

बाजारात तांब्याचे दोन लोटे शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्हींच्या अंगावर चकचकीत, खोलगट ठिपक्यांची नक्षी असते. एक यंत्राच्या दाबाखाली काही क्षणांत आकाराला आलेला असतो, तर दुसरा कोणा तांबटाने ठोक्यावर ठोके देऊन घडवलेला असतो. दुसऱ्याची किंमत अर्थातच जास्त असते. गिऱ्हाईक दोन्ही हातात घेऊन पाहते, ‘दिसायला तर सारखेच’ असे म्हणते आणि स्वस्त तो घेऊन जाते. यात गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. फरक कशात आहे हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते, आणि दुकानाच्या फळीवर ठेवलेला लोटा स्वतःची हकीकत सांगू शकत नाही.

ही हकीकत सांगण्याचे आजचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे दोन मिनिटांची चित्रफीत. जाहिरात संस्थेकडून ती करून घेणे बहुतेक कारागिरांच्या आवाक्याबाहेरचे असते. पण बऱ्यापैकी कॅमेरा आता पुष्कळांच्या खिशात आहे. उणीव आहे ती काय दाखवायचे, का दाखवायचे आणि ते नीट कसे दिसेल याच्या विचाराची. हा विचार शाळा करू शकते. आठवी-नववीचे विद्यार्थी, एक विज्ञान शिक्षक, एक भाषा शिक्षक आणि गावातला एक कारागीर एवढी मंडळी त्यासाठी पुरेशी आहेत. यातून कारागिराला गिऱ्हाईक मिळू शकते आणि मुलांना पाठ्यपुस्तकातले प्रकाश, ध्वनी आणि धातू हे तिन्ही धडे कामाला लावता येतात.

उदाहरण म्हणून आपण पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी घेऊ. कुंभार, बुरूड, विणकर, चर्मकार यांच्या कामालाही हीच पद्धत लागू पडेल.

आधी ‘का’ शोधावे

तांबट मंडळी पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात येऊन स्थायिक झाली. घराघरांत हंडे, घागरी आणि पाणी तापवायचे बंब होते तोवर त्यांच्या हाताला काम होते. पुढे स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिक आले, विजेवरचे बंब आले आणि मागणी घटली. आज त्यांच्या हस्तकौशल्याची ओळख म्हणून उरले आहे ते प्रामुख्याने मठारकाम, म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीने एकसारखे ठोके देत जाण्याचे काम.

कॅमेरा बाहेर काढण्याआधी मुलांनी कारागिराला एकच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी विचारावा : ‘काका, हे का करता?’ ठोके कशासाठी? मध्येच भट्टीत कशासाठी तापवले? चिंचेच्या पाण्याने कशासाठी धुतले? प्रत्येक ‘का’मागे विज्ञान आहे आणि चित्रफितीचा खरा कणा तेच आहे.

ठोक्यांचेच पाहू. तांबे म्हणजे लहान लहान स्फटिकांचा समूह. स्फटिकात अणू ओळीने रचलेले असतात, पण या ओळींत जागोजागी दोष असतात. धातूचा आकार बदलतो तो हे दोष सरकल्यामुळे. मोठी सतरंजी एकदम ओढणे जड जाते, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे पुढे ढकलली तर सतरंजी थोड्या जोराने सरकते. धातूतील दोष या सुरकुतीचे काम करतात. ठोके बसू लागले की दोषांची संख्या भराभर वाढते, ते एकमेकांत अडकतात आणि सरकेनासे होतात. म्हणजे तांबे कडक होते. आणखी ठोकत राहिले तर पत्रा चिरतो.

म्हणून कारागीर भांडे मधूनच भट्टीत घालून लालसर होईपर्यंत तापवतो. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. भांडे मंद लाल दिसते ते त्याच्या बरेच खाली. तेवढ्या उष्णतेने अणूंना हालचाल करण्यास वाव मिळतो, दोषांचा गुंता सुटतो, नवे स्फटिक तयार होतात आणि तांबे पुन्हा मऊ पडते. पोलाद असे तापवून एकदम पाण्यात बुडवले तर कडक होते. तांबे मात्र पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

तापवल्यावर भांड्यावर काळा थर येतो. तो तांब्याच्या ऑक्साइडचा. चिंचेतील आम्ल त्याला विरघळवते आणि खालचा तांबूस धातू उघडा पडतो. देवाची भांडी चिंचेने घासणाऱ्या प्रत्येक घराला ही रासायनिक क्रिया ठाऊक असते, फक्त नाव ठाऊक नसते.

शेवटचे मठारकाम झाल्यावर मात्र भांडे पुन्हा तापवत नाहीत. का, ते आता मुलांना सांगता येईल. तापवले तर ठोक्यांनी आलेला कडकपणा निघून जाईल. म्हणजे हे ठिपके नुसती नक्षी नाहीत, भांड्याची बळकटी त्यांत आहे. या एका वाक्यावर सगळी चित्रफीत उभी राहू शकते.

वर्गात हे करून दाखवता येते. साधारण दोन मिलिमीटर जाडीची उघडी तांब्याची तार घ्यावी. शिक्षकांनी ती चिमट्यात धरून ज्योतीवर लाल करावी व गार होऊ द्यावी. आता ती बोटांनी सहज वाकते. तीच जागा सरळ करून पुन्हा वाकवावी, पुन्हा सरळ करावी. दर खेपेला जोर जास्त लागतो आणि अखेर तार तुटते.

दोन मिनिटांचा आराखडा

बदल डोळ्यांसमोर घडताना दिसला की माणसाला तो पटतो. १९१२ साली दादासाहेब फाळके यांच्यापुढे अडचण होती ती भांडवलाची. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा तो मिनिटभराचा लघुपट. अंकुर पडद्यावर क्षणाक्षणाने वाढताना पाहून त्यांना भांडवल देणारा माणूस मिळाला आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. या लघुपटात महागडे असे काही नव्हते. चिकाटी आणि काय दाखवायचे याची नेमकी निवड होती.

तांबटाच्या चित्रफितीतही सपाट पत्र्यापासून लोट्यापर्यंतचा बदल दिसला पाहिजे. दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. एक दृश्य सरासरी पाच सेकंद धरले तर फक्त २४ दृश्ये लागतात. ती आधी कागदावर लिहून काढावीत : आळीचा देखावा, कारागीर बसला आहे ती जागा, त्याचा चेहरा, हात, हातोडीचे चकचकीत तोंड, पत्रा, भट्टी, तापून लाल झालेले भांडे, धुतल्यावर उजळलेले तांबे, मठारकाम, तयार लोटा, तो वापरणारे घर. प्रत्येक दृश्य दहा-बारा सेकंद स्थिर टिपावे, म्हणजे त्यातले चांगले पाच सेकंद निवडता येतात. या यादीमुळे दिवसभर वाटेल ते टिपत बसण्याचा आणि नंतर आठवडाभर निवडत बसण्याचा त्रास वाचतो.

पैसा कुठे घालावा

हातात दोन-तीन हजार रुपयेच असतील तर क्रम असा ठेवावा : आधी आवाज, मग प्रकाश, शेवटी कॅमेरा. बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतात. चित्र थोडे अंधुक असले तर प्रेक्षक सांभाळून घेतो; बोलणे कळले नाही तर तो उठून जातो.

उघड्या जागी ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. मोबाइल बोलणाऱ्यापासून दोन मीटरवर असेल आणि कॉलरला लावायचा साधा माइक तोंडापासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर अंतर दहा पट कमी झाले. माइकपर्यंत पोहोचणारी तीव्रता शंभर पट, म्हणजे २० डेसिबलने वाढली. आळीतला इतर गोंगाट तेवढाच राहिला, पण त्याच्या तुलनेत माणसाचा आवाज वर आला. तारेचा कॉलर माइक स्वस्तात मिळतो आणि तोच पहिला खर्च असावा.

बोलणे आणि ठोके एकाच वेळी टिपण्याचा हट्ट धरू नये. शेजारपाजारचे हातोडे थांबतात त्या जेवणाच्या सुट्टीत मुलाखत घ्यावी. ठोक्यांचा आवाज वेगळा घ्यावा आणि त्या वेळी माइक जरा दूर ठेवावा. फार जवळून घेतला तर माइकच्या क्षमतेपलीकडचा भाग छाटला जातो आणि ठणठणीत नाद फुटका ऐकू येतो. हा नाद स्वच्छ मिळाला की पार्श्वसंगीताची गरजच उरत नाही. दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय वापरण्याचा प्रश्नही त्यामुळे मिटतो.

जाता जाता एक उपप्रयोग. आळीच्या टोकाला, पन्नास मीटर अंतरावरून, ठोका मारतानाचे चित्रण करावे. ध्वनीला तेवढे अंतर कापायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो. सेकंदाला ३० चौकटी असतील तर हातोडी टेकल्यापासून आवाज येईपर्यंत चार-पाच चौकटी जातात. चौकटी मोजून मुलांना ध्वनीचा वेग काढता येईल.

तांब्यावरचा प्रकाश

चकचकीत धातूचे चित्रण अवघड असते, कारण धातू समोरचे सगळे आपल्यात दाखवतो : खिडकी, बल्ब, चित्रण करणारा विद्यार्थीसुद्धा. लहान, प्रखर दिवा लावला तर भांड्यावर एक पांढरा डाग पडतो आणि बाकीचे अंधारात जाते. उपाय म्हणजे प्रकाशाचा स्रोत मोठा करणे. दारातून येणाऱ्या उन्हापुढे पांढरी चादर ताणून धरली की सगळी चादरच दिवा बनते आणि भांड्यावर मऊ उजेड पसरतो. अंधाऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरावा. मठारकामाचे ठिपके दाखवायचे असतील तेव्हा प्रकाश समोरून न घेता एका बाजूने घ्यावा. मग प्रत्येक खळगा छोट्या अंतर्वक्र आरशासारखा चमकतो.

दुसरी अडचण रंगाची. तांबे निळा-हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेते आणि तांबडा परावर्तित करते, म्हणून ते तांबूस दिसते. मोबाइलमधील स्वयंचलित रंगसंतुलन मात्र पुष्कळदा असे गृहीत धरते की समोरच्या सर्व रंगांची सरासरी करड्याच्या आसपास असावी. चौकट तांब्याने भरली की त्याला वाटते प्रकाशच तांबडा आहे, आणि ते चित्रात निळसरपणा वाढवते. तांबे मग फिके, मळकट दिसते. मोबाइलमध्ये रंगसंतुलन हाताने ठरवण्याची सोय असेल तर पांढरा कागद दाखवून ते कायम करावे. नसेल तर चौकटीत पांढरे कापड, चेहरा, भिंत असे इतर काही येऊ द्यावे. दिवसाचा उजेड आणि पिवळा बल्ब यांची सरमिसळ टाळावी.

तिसरी अडचण दिव्यांच्या लुकलुकण्याची. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात काळसर पट्टे सरकताना दिसतात. प्रत्येक चौकटीचा प्रकाशनकाळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर चौकटीत लुकलुकण्याची पूर्ण आवर्तने सामावतात आणि पट्टे जातात. सर्वांत सोपे म्हणजे सकाळी दारात बसून काम करायची विनंती करावी.

कॅमेऱ्याविषयी थोडेच सांगायचे आहे. साधी तिपाई घ्यावी. मोबाइलमध्ये बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी स्वतः पुढे सरकावे. ठोक्याचे एक संथगती दृश्य जरूर घ्यावे. सेकंदाला २४० चौकटी टिपून ३० च्या गतीने दाखवल्या की हालचाल आठ पट संथ होते. मात्र प्रत्येक चौकटीला मिळणारा वेळही तितकाच कमी असतो, त्यामुळे हे दृश्य भरपूर उजेडातच घ्यावे.

शब्द किती, कोणाचे

सावकाश बोलले तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. दोन मिनिटांत दोनशे शब्द कोंबू नयेत. सव्वाशे पुरेत, उरलेला वेळ हातोडीला द्यावा. निवेदकापेक्षा कारागिराचाच आवाज असू द्यावा, त्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांत. त्याला वाक्ये पाठ करायला लावू नयेत. ‘हे केले नाही तर काय होईल?’ असे विचारले की उत्तर नेमके येते. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून चित्रफीत पाहतात, म्हणून महत्त्वाची वाक्ये मोठ्या अक्षरांत खाली द्यावीत.

जाहिरातीत काय म्हणू नये

इथे विज्ञान शिक्षकाची खरी गरज पडते. यंत्राचा लोटा कच्चा असतो असे म्हणू नये, कारण दाबानेही तांबे काही प्रमाणात कडक होतेच. जे खरे आहे तेच सांगावे. हाताच्या कामात कोणतेही दोन खळगे तंतोतंत सारखे नसतात, ते एकमेकांवर थोडे चढलेले असतात. यंत्राच्या नक्षीत तोच आकार ठरावीक अंतराने पुन्हा येतो. दोन्ही भांडी जवळून, बाजूच्या प्रकाशात दाखवली तर हा फरक कोणालाही ओळखता येतो. शिवाय हवा तो आकार सांगून करून घेता येतो आणि चेपलेले भांडे दुरुस्तीला आणता येते. यंत्राच्या मालाला हे जमत नाही.

दुसरे पथ्य आरोग्याचे. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जिवाणू तग धरत नाहीत हे प्रयोगांनी दिसले आहे. पण त्यावरून ‘तांब्यातले पाणी अमुक रोग बरा करते’ असे म्हणता येत नाही. काही ठरावीक रोगांच्या बाबतीत तसा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तांबे शरीराला लागते ते अल्प प्रमाणात. पिण्याच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमहून जास्त तांबे नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. ताक, लिंबाचे सरबत, आमटी असे आंबट पदार्थ उघड्या तांब्यात ठेवले तर आम्लामुळे तांबे त्यांत उतरते. म्हणूनच स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई लागते. कल्हईचे दृश्य तर चित्रफितीला साजेसेच आहे. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि २३२ अंशांना वितळणारे कथील कापडाच्या एका फटकाऱ्याने चंदेरी पसरते. ‘पाण्याला नुसते तांबे, आंबटाला कल्हई’ असे सांगणारा कारागीर गिऱ्हाइकाला अधिक विश्वासाचा वाटेल.

कारागिराचा वाटा

चित्रफीत शाळेची असली तरी काम कारागिराचे आहे. ती कुठे दाखवली जाणार हे आधी सांगून त्याची लेखी संमती घ्यावी. घरातील स्त्रिया कामाला हात लावत असतील तर त्याही चित्रात याव्यात आणि त्यांची नावे द्यावीत, अर्थात त्यांना विचारूनच. एखादी क्रिया दाखवायची नाही असे तो म्हणाला तर कॅमेरा बंद करावा. ते त्याच्या धंद्याचे गुपित असू शकते. तयार चित्रफीत सर्वांआधी त्यानेच पाहावी.

नाव आणि गाव चित्राच्या कोपऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावे, कारण तुकडे कापून पुढे पाठवले जातात आणि शेवटी दिलेली नावे गळून पडतात. वस्तू पुढे जाते आणि नाव मागे राहते, हे नेहमीचेच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले होते. तरीही २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने त्याच धर्तीच्या चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. भारतातून टीका झाल्यावर कंपनीने या परंपरेचा ऋणनिर्देश केला.

आणखी एक हिशेब चित्रणाआधी मांडावा : महिन्याला किती नग होतात? हाताने वीस लोटे करणाऱ्याकडे एकदम दोनशेची मागणी आली तर एक तर त्याचा शब्द मोडेल, नाही तर तो यंत्राचा माल आणून विकेल. दोन्हींत त्याचेच नुकसान आहे. ‘एका लोट्याला इतके दिवस लागतात, मागणी आधी नोंदवा’ हे वाक्य चित्रफितीत असावे. संपर्कासाठी कोणता क्रमांक द्यायचा आणि फोन कोणी घ्यायचा तेही आधी ठरवावे.

चित्रफीत तयार झाली की एक छोटी परीक्षा घ्यावी. तांबट आळीशी काही संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना ती एकदाच दाखवावी आणि विचारावे : भांडे मध्येच तापवले ते कशासाठी? हाताचा लोटा कसा ओळखाल? ताक ठेवायचे असेल तर काय कराल? उत्तरे नीट आली तर चित्रफीत पुढे पाठवायला हरकत नाही. अडखळली तर ज्या दृश्यापाशी अडखळली ते पुन्हा टिपावे. त्याला खर्च फक्त एका सकाळचा आहे.